साडेआठशे कोटींचं बूच

उदाराम पटले याला विजेतलं काहीही कळत नव्हतं. हे एक वाक्य बेहरटोल्यात कोणी वेळेवर तोंडातून काढलं असतं, तर गावाचा रेडिओ गावात राहिला असता. पण बेहरटोला हे गाव असं, की ज्याला जे कळत नाही ते त्याने मोठ्या आवाजात सांगितलं की लोक त्याच्यासाठी खाट टाकतात. उदारामसाठी लोकांनी खाटेवर सतरंजीही टाकली, आणि पुढे पुढे तर खुर्ची.

माणूस दिसायला वाईट नव्हता. उंच, सडपातळ, नाक सरळ. चौथी पास. बापाने मागे ठेवलेली धानाची चांगली जमीन, धाकटा भाऊ कवडू राबणारा, बायको अनुसयाबाई राबणारी. अशा घरात राबायला तिसरा माणूस लागत नाही, हे उदारामने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तो खाकी सदरा घालायचा. सदऱ्याला चार खिसे आणि चारही खिशांत काहीतरी लोखंडी: पेचकस, पक्कड, खिळे, आणि एक कुलूप ज्याची किल्ली कधीच नव्हती. तो गल्लीतून चालला की बिनवंगणाच्या छकड्यासारखा वाजायचा. आवाज आला की लोक म्हणायचे, "इंजिनेर आला."

त्याला इंजिनेर केलं एका पुठ्ठ्याच्या चकरीने.

लढाईच्या दिवसांत बिरसीला विमानांचा तळ झाला होता. लढाई संपली, गोरे गेले, आणि मागे राहिलेला माल ढिगाच्या ढिगाने विकला गेला. त्यातले काही ढीग गोंदियाच्या बाजारातल्या चुन्नीलालने उचलले. त्याचं दुकान म्हणजे कंदील, टॉर्च, सायकलच्या घंट्या, रेडिओचे सुटे भाग, सगळी सरमिसळ. माल वाहायला उदारामची गाडी होती. खेपा संपल्यावर एक फुटकी पेटी गाडीतच राहिली आणि चुन्नीलालने ती परत मागितली नाही. तिच्यात तारांचा गुंता, मूठ-दोन मूठ रेझिस्टर, आणि ती चकरी.

चकरी पोळीएवढी. पुठ्ठ्याच्या गोल चकत्या एकावर एक ठेवून मधोमध पितळी खिळा मारलेला, म्हणजे प्रत्येक चकती वेगळी फिरे. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा घालणारी शेंगदाण्याएवढी कांडी, दोन्ही टोकांना तारेच्या शेपट्या. एवढ्याशा अंगावर आकडा छापता येत नाही म्हणून तिला रंगाचे पट्टे मारतात. पहिल्या पट्ट्याचा एक आकडा, दुसऱ्याचा एक, आणि तिसरा पट्टा सांगतो की पुढे शून्यं किती. चकरीच्या एका बाजूला हे रंग जुळवले की खिडकीत कांडीचा अडथळा किती ओमचा ते दिसायचं. दुसऱ्या बाजूला विजेचा दाब, विजेची धार आणि अडथळा. यांतले कोणतेही दोन आकडे जुळवले की तिसरा आपोआप समोर. वस्तू फार चांगली होती. ज्याने बनवली त्याने भरपूर डोकं वापरलं होतं, ते यासाठी की वापरणाऱ्याला थोडं कमी वापरावं लागावं. अजिबात न वापरणारा कोणी भेटेल, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

अडचण एकच होती. चकरीवर रंग नव्हते, रंगांची इंग्रजी नावं होती. उदाराम ती घेऊन चुन्नीलालकडे गेला. चुन्नीलालचं इंग्रजी खोक्यावरची अक्षरं वाचण्यापुरतं. पण गल्ल्यावर बसून 'येत नाही' म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

"ध्यान से सुन उदाराम. ब्लैक माने काला, शून्य. ब्राउन माने भूरा, एक. रेड माने लाल, दो."

"होय जी. भुरा एक, लाल दोन."

असं करत गाडी आठावर आली आणि चुन्नीलाल अडला. "ग्रे... ग्रे माने... अरे, वो क्या बोलते हैं... मटमैला! हाँ, मटमैला, आठ."

"मटमैला म्हनजे मातीवानी का जी?"

"हाँ हाँ, मट्टी, धूल, जो समझना है समझ. पीछे गिराहक खड़ा है."

उदाराम समजला. आणि इथेच सगळं बिघडलं. चुन्नीलालचा हिंदी भूरा म्हणजे तपकिरी, बिडीच्या तंबाखूचा रंग. आमच्या झाडीपट्टीतला भुरा म्हणजे राखेसारखा, पांढुरका. भुरा बैल, भुरं मांजर. उदारामने एकासाठी राखेचा रंग धरला. मटमैल्यात त्याला माती ऐकू आली, म्हणून आठासाठी मातीचा, म्हणजे तपकिरी. वास्तविक पाहता तपकिरी एक आणि राखाडी आठ. एक आणि आठ यांनी त्याच्या डोक्यात आपापली घरं बदलली. एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण उदारामने घरी येऊन चुलीतली राख आणि सारवायची माती कालवली, काडीच्या टोकाने चकरीवर त्या त्या नावाशेजारी ठिपके दिले, आणि वरून डिंक फिरवला. चूक पक्की झाली. तिला चकाकीही आली.

तुम्ही म्हणाल, मग हा उघडा कसा पडला नाही? कारण रेडिओ दुरुस्त करायला त्याला चकरी लागतच नव्हती. जळलेल्या कांडीच्या जागी त्याच रंगांची कांडी लावली की काम झालं. तिचा आकडा तुम्ही आठ म्हणा की ऐंशी लाख, कांडीला ऐकू येत नाही. आणि बहुतेक वेळा तर कांडी जळलेलीही नसायची. एका माजी मालगुजाराचा रेडिओ मुका झाला होता तेव्हा उदाराम त्यांच्या ओसरीवर सकाळपासून चकरी फिरवत बसला. दोनदा चहा झाला, जेवण झालं, पान झालं. शेवटी कंटाळून त्याने रेडिओच्या पाठीत एक चापट मारली. आतली सैल तार जागेवर बसली आणि पेटी गायला लागली. घरातल्या सगळ्यांनी चापट पाहिली होती. गावात मात्र बातमी गेली ती चकरीची.

तेव्हापासून तो चकरीशिवाय घराबाहेर पडेना. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, पाणी किती वेळात भरेल, हे चकरीवर. टॉर्चचा दिवा किती टिकेल, चकरीवर. लग्नाची बोलणी चालू असताना मुलीचा बाप फार ताणून धरू लागला, तर हा पंगतीत म्हणायचा, "अडथळा जास्त हाये. दाब वाढवा." लोक मान डोलवायचे. त्यांतल्या अर्ध्यांना वाटायचं हे चकरीवरून आलं.

घरात मान डोलवणारं कोणी नव्हतं. पेटीतल्या रेझिस्टरांत तपकिरी, हिरवा, तपकिरी अशा पट्ट्यांच्या दोन कांड्या त्याला सापडल्या. गोंदियात कुठेही मूठभर मिळणारा माल, साधा दीडशे ओमचा. उदारामने चकरी जुळवली. पहिला तपकिरी, आठ. हिरवा, पाच. आणि तिसरा तपकिरी, म्हणजे पुढे आठ शून्यं. शहाण्या माणसाला इथं शंका आली असती की एवढ्याशा कांडीत एवढा आकडा मावेल कसा. उदारामचे डोळे भरून आले. त्याने बायकोला हाक मारली.

"काव, इकडे ये. हे पाहा. साडेआठशे कोटी!"

अनुसयाबाईच्या डोक्यावर गवताचा भारा होता. "काय साडेआठशे कोटी?"

"ओम. अख्ख्या हिंदुस्थानात कोनापाशी नसन."

"कोटी म्हनजे किती जी?"

"तुया माहेरचे सारे धान दाना दाना मोजले तरी नाई होत."

"माया माहेरचं धान मोजाले माया माहेरचे बसले हायेत," ती म्हणाली. "तुमी ते ठेवा तिकडे, अन् हा भारा उतरवू लागा."

त्याने भारा उतरवला नाही. हातात कांडी होती ना. दोन्ही कांड्या त्याने कापसात गुंडाळून टॉनिकच्या रिकाम्या डबीत ठेवल्या आणि डबी देवळीत, देवाच्या शेजारी.

सत्तावन्न साली खेड्यांना सरकारी रेडिओ मिळू लागले. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा आणि राज्य मुंबई. मुंबई कोणी पाहिली नव्हती, पण तिचा रेडिओ यायचा म्हणजे मुंबई काही वाईट नसावी असं लोकांचं मत पडलं. खात्याचे एक साहेब जीपमधून आले. उंच बांबूला तार बांधून त्यांनी तो समाजघरासमोर उभा केला, लाकडी पेटीत रेडिओ आणि खाली विटेएवढी कोरडी बॅटरी बसवली, आणि पोलीस पाटील सेवकराम यांना अट सांगितली. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपर्यंत रेडिओ गावाकडे पारखायला. रोज संध्याकाळी तासभर वाजवायचा, जास्त नाही. मंडईच्या दिवशी साहेब येऊन पाहणार. रेडिओ वाजला आणि बॅटरीत जोर राहिला तर तो कायमचा गावाचा. नाहीतर नाल्यापलीकडच्या साजाटोल्याचा अर्ज येऊन पडलाच होता.

"राखणदार कोण?" साहेबांनी विचारलं.

सेवकराम पाटलांनी उदारामकडे पाहिलं. उदाराम आधीच उभा होता. त्याने चकरी छातीशी धरली आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "हा रेडिओ गावातून गेला, तं मी इंजिनेरकी सोडतो अन् कवडूसंग इरा घेऊन धान कापाले जातो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवडूने सगळ्यांत जोरात वाजवल्या. आपण काय ऐकलं ते त्याला बरोबर कळलं होतं.

उदारामच्या आयुष्यात याहून मोठं काही झालं नाही. त्याला किल्ली मिळाली, खुर्ची मिळाली. संध्याकाळी रेडिओभोवती गाव बसायचं आणि बटन कोणत्या बाजूला फिरवायचं हे एकट्या उदारामच्या हातात. म्हाताऱ्यांना भजन हवं असलं की ते याच्याकडे बघत. ज्यांनी त्याला कधी बिडी दिली नव्हती ते आता काडी पेटवून धरत. इरा म्हणजे विळा, तो हातात घ्यायची वेळ आली तर हे सगळं जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याइतकी भीती गावात कोणालाच नव्हती.

आणि त्यानेच बॅटरी संपवत आणली. तासभर गावासाठी वाजवायचा आणि दुपारी समाजघराचं दार लोटून आपल्यासाठी. गाणी ऐकत खुर्चीत झोपायचा. बाहेर धान पिवळं पडून वाकलं होतं, कापणी लागली होती, अनुसयाबाई आणि कवडू कमरेत वाकून कापत होते, आणि हा आत पाय पसरून. मंडई जवळ आली तशी रेडिओतली बाई घशाला सर्दी झाल्यासारखी बोलायला लागली.

मंडईच्या आदल्या दुपारी सेवकराम पाटील आले.

"का गा उदाराम, आवाज काऊन बसला?"

"ब्याटरी गरून राहिली, पाटीलजी. आपन वाजवत नाई तेव्हाबी तिच्यातली वीज झिरपते."

"मंग?"

"बांधीच्या धुऱ्याले भोक असन तं पानी रातभर जाते का नाई? आपन काय करतो? गवताचं बूच मारतो. ब्याटरीले दोन तोंडं हायेत. दोनी तोंडांत मिरून असं बूच मारतो, का उद्यापावेतो थेंब नाई गरनार."

ही कल्पना त्याला कुठून सुचली देव जाणे. बॅटरीची दोन तोंडं जोडली की वीज अडत नाही, मोकळी सुटते, हे टॉर्च वापरणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण उदाराम पोर नव्हता. त्याने डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि कांडी पाटलांसमोर धरली.

"साडेआठशे कोटी."

"अबब," पाटील म्हणाले. "दिसत तं नाई."

"आता पाहा. ब्याटरीचा दाब नव्वद. अडथळा साडेआठशे कोटी. धार किती?"

त्याने चकरी उलटी केली. नव्वद जुळवले. आणि पाहतो तो काय, चकरीवर एवढा मोठा आकडाच नाही. पुठ्ठा लाखांच्या आसपास संपत होता. दुसरा कोणी इथं थांबला असता. उदारामने बोट चकरीच्या कडेबाहेर काढलं, खुर्चीच्या हातावर नेलं, तिथून आपल्या मांडीवर आणलं, आणि गुडघ्याशी पोचल्यावर म्हणाला, "इथं कुठंतरी साडेआठशे कोटी येते."

"मंग धार?"

"सुन्न. कायबी वाहत नाई."

पाटलांनी जरा विचार केला. त्यांना सवय नव्हती, पण केला. "कायबी वाहत नाई तं मंग ते लावतेस कायले?"

बेहरटोल्यात त्या वर्षी कोणी विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. उदारामने त्याचा चुराडा केला. "वाहत नाई, म्हनूनच तं लावतो जी!"

पाटलांचं समाधान झालं. असल्या उत्तराने ज्याचं समाधान होतं त्यालाच आमच्याकडे पाटील करतात.

उदारामने कांडीच्या दोन शेपट्या बॅटरीच्या दोन तोंडांत खोचल्या. चर्र आवाज आला. कांडीचे पट्टे आधी काळे झाले, मग तिच्या पोटात इंगळासारखी लाल रेघ पेटली आणि धूर निघाला.

"इंजिनेर, धूर!"

"ओल निघून राहिली, पाटीलजी. गरती सुकून राहिली."

"वास येते गा."

"ओलीचाच वास."

आणि त्याने पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, वर झेंडूचा हार चढवला. कांडी आत जळून कोळसा झाली, पण तुटली नाही, आणि बॅटरी तिच्यातून रिकामी होत राहिली.

दुसऱ्या दिवशी मंडई. गावोगावचे सोयरे आले होते. दंडारीवाले तोंडाला रंग फासून, घुंगरं बांधून तयार. शिंगाडे, बत्तासे, बांगड्या, लोखंडाचे तवे. चुन्नीलालनेही टॉर्चचं दुकान मांडलं होतं. नवे कपडे घातलेला गाव समाजघरासमोर दाटीने बसला. साहेब जीपमधून उतरले तेव्हा उदाराम खुर्चीतून उठलासुद्धा नाही. खुर्चीतून उठणारे वेगळे आणि तो वेगळा, असं त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

"लावा," साहेब म्हणाले.

उदारामने कुलूप काढलं. हार बाजूला केला. बटन फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. मग उलटं फिरवलं. मग पेटीच्या पाठीत चापट मारली, आणि मग दोन मारल्या. पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "मारतेस कायले रे त्याले? झोपला असन."

साहेब पुढे झाले. नाक आत घालून त्यांनी वास घेतला, हात घातला आणि बॅटरीवरून काळी पडलेली कांडी ओढून काढली. आपल्या छोट्या मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. काटा जागचा हलला नाही.

"हे काय आहे?"

"बूच हाये, साहेब."

"काय?"

"साडेआठशे कोटी ओमचं. दुसरं बी हाये." उदारामने डबीतून जोडीची कांडी काढून दिली. साहेबांनी ती उन्हात धरली, पट्टे पाहिले, आणि हसायला लागले.

"अहो, हे दीडशे ओमचं आहे. तपकिरी म्हणजे एक. तुम्ही तपकिरीला आठ म्हणता काय?"

"तपकिरी आठच हाये. एक म्हनजे भुरा. पाहा ना, चकरीवर हाये." त्याने राखेचा ठिपका दाखवला. "माया मनचं नाई. ह्या चुन्नीलालनं सांगितलं."

चुन्नीलाल दुकान टाकून पुढे आला. "मैंने क्या गलत बोला? ब्राउन माने भूरा. ये तो राख लगाके बैठा है!"

"भुरा राखेवानीच राहते!"

"अबे भूरा ये होता है!" चुन्नीलालने पाय वर करून आपला जोडा दाखवला.

"तो जोडा हाये," सेवकराम पाटील म्हणाले.

"जोडे का रंग, पाटीलजी, रंग!"

"जोड्याचा रंग जोड्यावानी. त्याले भुरा कोन म्हनते?"

आणि इथून पुढे बेहरटोला पेटला. इतका वेळ जे गाव उदारामकडे डोळे वटारून बघत होतं ते एका क्षणात त्याच्या बाजूचं झालं. प्रश्न रेडिओचा राहिलाच नाही. गोंदियाचा एक दुकानदार बेहरटोल्याला भुरा म्हणजे काय ते शिकवतो! कोणी आपला भुरा बैल दावणीचा सोडून आणला. एकाने समाजघराच्या छपरावर चढून वेलाचं भुरं कोहळं तोडलं, राखेसारखी पांढुरकी साय धरलेलं, आणि ते चुन्नीलालच्या तोंडासमोर नाचवलं.

"हे काय हाये? बोल! ह्याले काय म्हनतेत?"

"पेठा!"

"भुरा कोहरा म्हनतेत, भुरा कोहरा! तुया आजानं खाल्ला का कधी?"

"मेरे आजा को बीच में मत लाव!"

साहेबांनी दोनदा विचारलं, "अहो, पण ते बॅटरीला लावलंच कशाला?" कोणी ऐकलं नाही. दंडारीवाल्यांनी ढोलकी धरली. नाल्यापलीकडचे सोयरेही भुऱ्याच्या बाजूने उतरले, कारण त्यांच्याकडेही भुरा तोच. पाटलांनी हात वर करून निकाल दिला, "बेहरटोल्यात भुरा म्हनजे कोहऱ्यावानी. मुंबईचं सरकार आलं तरी भुरा हाच." असा जल्लोष झाला की झाडावरचे बगळे उठले. चुन्नीलाल टॉर्च गोळा करून, शिव्या देत, छकड्यात बसून निघून गेला. उदारामला दोघांनी खांद्यावर घेतलं. तो वरून हात जोडत होता.

खांद्यावरून त्यालाच आधी दिसलं. साहेबांच्या शिपायाने रेडिओची पेटी जीपमध्ये ठेवली होती आणि तो बांबूची माती उकरत होता.

"साहेब, हे काय करून राहिले?"

"साजाटोल्याला देतो. नवी बॅटरी त्यांच्याकडे बसवतो."

"पर भुरा तं आमचाच खरा निघाला!"

"तो ठेवा तुम्ही," साहेब म्हणाले.

उदारामला खाली उतरवलं. हळूहळू, आणि कोणी कोणाकडे न बघता. पाटील म्हणाले की आपण आधीच विचारलं होतं, लावतेस कायले. आणि खरंच विचारलं होतं. त्या एका प्रश्नावर ते पुढची दहा वर्षं जगले. मंडई पुन्हा सुरू झाली.

बांबू जीपमध्ये मावेना. गाड्या सगळ्या पाहुण्यांच्या. साहेबांनी विचारलं, "राखणदार कोण होते? बांबू आणि तार खात्याची आहे. त्यांनीच पोचवायची."

म्हणून उदाराम पटले तो लांबलचक बांबू खांद्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, निघाला. कापलेल्या धानाची धसकटं टोचत होती. बांबूचं मागचं टोक जमिनीवर फरफटत होतं, आणि दर वळणावर तो कुठल्या तरी झुडपात अडकायचा. मंडईला निघालेल्या बाया वाट देऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काजी, मांडव कोनाकडे हाये?"

साजाटोल्यात दुधराम नावाच्या किराणावाल्याला राखणदार नेमलं होतं. बांबू उभा करायला उदाराम पुढे झाला, तार कुठून ओढायची ते सांगू लागला. साहेब जीपमधून ओरडले, "त्यांना हात लावू देऊ नका." दुधरामने खात्याच्या कागदावर दाखवलं होतं तसं बटन फिरवलं. रेडिओ बोलायला लागला, ठणठणीत. उदाराम मागे, लोकांच्या पाठी उभा राहिला. त्याला खाली बसा असंही कोणी म्हटलं नाही.

तो घरी आला तेव्हा अनुसयाबाई अंगणात इरा घासत होती. कवडू पाय धूत होता. मंडईची पुरणपोळी झाकून ठेवली होती. कोणी काही विचारलं नाही म्हणून यानेच तोंड उघडलं.

"सारं गाव मायाच बाजूनं होतं."

"आयकलं," ती म्हणाली. "जेवून घ्या. सकारी खालच्या बांधीत कापनी हाये."

"माया खांदा दुखते."

"कापाले खांदा नाई लागत. कंबर लागते."

सकाळी तो गेला. गावादेखत बोलला होता आणि कवडूला प्रत्येक शब्द पाठ होता. इरा त्याला धरता येईना. पहिल्याच मुठीत धान अर्धवट तुटलं आणि बोट कापलं. मग त्याला कापायचं सोडून भारे बांधायला लावलं. त्याने भारा बांधला, उचलला, आणि चार पावलांवर तो सुटून सगळ्या बांधीत पसरला. धानाचे दाणे गळाले. कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. उदाराम पसरलेल्या पेंढ्यांकडे बघत उभाच राहिला, जणू त्या आपोआप गोळा होतील.

"काय हिसेब करून राहिले?" अनुसयाबाई पलीकडून ओरडली. "बांधा. अन् घट्ट बांधा."

तो वाकला. दुसराही सैलच बांधला.